अर्धं प्लास्टर

बीडमधल्या त्या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरची खोली जिन्याखाली आहे. खोलीच्या खिडकीत मुठीएवढा एक पांढुरका दगड ठेवलेला असतो. राग आला की बंकट त्या दगडावर अंगठ्याचं नख ओढतो. दगडावर ओरखडा पडतो, नखाखाली भुकटी साचते आणि बंकटचा राग होता तसाच राहतो. एकवीस वर्षांत त्या दगडाची एक बाजू झिजून पाटीसारखी सपाट झाली आहे.

तो दगड जिप्समचा आहे. नखानं ओरखडले जातील इतके मऊ दगड फार थोडे, आणि त्यात इतक्या कामांना येणारा हाच. खोलीत आलेल्या पेशंटला बंकट हे ऐकवतो, आणि ऐकवण्याची त्याची रीत भांडल्यासारखी आहे. कुणी भाबडेपणानं विचारतं, हे सिमेंटच ना? झालं. सिमेंट न्हाई, बंकट म्हणतो; सिमेंटात ह्याची चिमूट घालतात, न्हाईतर सिमेंट घमेल्यातच आळून बसंल. तुमच्या पोरांच्या शाळेतला खडू हाच. तुमच्या साडूच्या हॉलमधलं नक्षीचं छत हेच. तुमी घरी आणता तो गणपती हाच, आणि ओढ्यात न्हाई विरघळला म्हणून बोंब मारता तो बी हाच. भुईमुगाला शेंगांच्या आऱ्या सुटताना रानात टाकतात ते हेच, फक्त न भाजलेलं.

भाजलेलं आणि न भाजलेलं हा फरक त्याला फार महत्त्वाचा वाटतो. दगड भट्टीत भाजला की त्याच्या पोटातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि कोरडी भुकटी उरते. त्या भुकटीला पुन्हा पाणी दाखवलं की ती आपलं गेलेलं पाणी परत घेते, घेता घेता गरम होते आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा दगड होते. होताना कणभर फुगते, म्हणून साच्यातली रेघन् रेघ उचलते. एकदा दगड झाला की मात्र तो ना ताणला जातो ना दबतो. हात सुजला तर हातानंच कुठं जायचं ते बघावं.

बंकट अठ्ठावन्न वर्षांचा आहे. अंगानं वाळका, बोलायला तिखट. दवाखान्यातल्या नर्सबाई त्याच्याशी कामापुरतं बोलतात. घरी सुनिता, त्याची बायको, तीही जवळजवळ तसंच करते. पण हात, पाय, मनगट, घोटा बांधायला त्याच्यासारखा माणूस नाही, हे मोठे डॉक्टर म्हणत आणि आता त्यांची सून डॉक्टर तेजश्री म्हणते. मोठ्या डॉक्टरांनी त्याला फरशी पुसायला ठेवला होता. फरशी पुसता पुसता तो बादलीतल्या पाण्याकडे बघत राही. पट्टीतून बुडबुडे यायचे कधी थांबतात, ती दोन्ही टोकांना धरून कशी पिळायची म्हणजे भुकटी वाहून जात नाही, पाणी किती कोमट हवं, हे तो नुसतं बघून शिकला. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातातला पोचा गेला आणि पट्टी आली.

त्याआधी तो चौसाळ्याचा शेतकरी होता.

त्याच्या वाटणीला चार एकर आली ती चोपण. चोपण जमीन बघायला काळीभोर असते, म्हणून अनोळखी माणूस फसतो. पावसात तिचा चिखल लोण्यासारखा होतो आणि पाऊल उचलत नाही. उन्हात तीच फरशीसारखी वाजते. पाणी वर साचून राहतं, खाली मुरत नाही. सुकली की वर पांढरट थर फुटतो. बंकटनं माती बीडला नेऊन तपासून घेतली. कागदावर लिहून आलं की जिप्सम टाका, आणि त्याखाली दुसरी ओळ होती: निचऱ्यासाठी चर काढा. जिप्सम मातीला चिकटलेला क्षार सोडवतं, पण सोडवलेला क्षार पाण्याबरोबर शेताच्या बाहेर गेला पाहिजे. बाहेर म्हणजे ओढ्यात. आणि ओढा होता खालच्या रानापलीकडे, जे त्याच्या चुलत भावाच्या, मोहनरावच्या, वाटणीला आलं होतं.

मोहनराव त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तेव्हा बंकट त्याला दादा म्हणत असे. चर आपल्या रानातून न्यायला दादानं बंकटच्या आईसमोर हो म्हटलं. बंकटनं एकट्यानं चर खोदला, नव्वद हात लांब आणि कमरेइतका खोल. जिप्समची पोती बैलगाडीनं आणून नऊ दिवस रानात पसरली. २००३ च्या जूनमध्ये दोन पाऊस चांगले झाले. चरातून गढूळ, खारट, मचूळ पाणी ओढ्याला जाऊ लागलं, आणि बंकट ते पाणी ओंजळीत घेऊन चाखून थुंकायचा. त्याच्या आयुष्यात त्याला इतका आनंद पुन्हा झाला नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोहनरावनं ट्रॅक्टर लावून चर बुजवला. सरपंचाच्या निवडणुकीत बंकट त्याच्या प्रचाराला फिरला नव्हता, एवढंच कारण होतं, आणि ते त्यानं पारावर चारचौघांत सांगितलं. तिसऱ्या पावसाचं पाणी शेतातच राहिलं. सुटलेला क्षार जायला वाट नव्हती, तो होता तिथं पुन्हा बसला. वर हातभर कापूस कुजला. बंकटनं तहसीलला अर्ज केला, तारखा घेतल्या, आणि ऑक्टोबरात सुनिताला घेऊन बीडला आला. येताना एका पोत्याच्या तळाशी न फुटलेला एक खडा राहिला होता, तेवढा उचलून आणला. खिडकीतला दगड तो.

त्यानंतर दोघं भाऊ एकवीस वर्षं आणि सात महिने एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नांत, मयतीत समोर आले तरी नाही. बारा फेब्रुवारीला, बुधवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला मोहनराव प्लास्टरच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला, तेव्हा बंकटनं आधी त्याचा शर्ट पाहिला. खांद्यापासून खाली पांढऱ्या भुकटीनं माखलेला होता.

मोहनरावच्या नव्या बंगल्यात हॉलच्या छताला पीओपी चाललं होतं. कारागिरांना मधलं फूल बरोबर बसवता येत नाही असं वाटून तो स्वतः फळीवर चढला, फळीवर ओल्या प्लास्टरचा राडा होता, आणि तो उजव्या हातावर पडला. हे त्याची बायको तुळजाबाई सांगत होती. मोहनराव सांगत नव्हता. त्याला हवा होता त्या डॉक्टरचा दवाखाना त्या दिवशी बंद निघाला, म्हणून इथं यावं लागलं, एवढंच त्यानं दाराकडे तोंड करून म्हटलं.

डॉक्टर तेजश्रीनं एक्स-रेचा फोटो पाहिला. मनगटाजवळ हाडाला चीर होती, हाड हललं नव्हतं. तिनं कागदावर लिहिलं: उजव्या मनगटाला अर्धं प्लास्टर, पाच दिवसांनी सूज पाहून पूर्ण. तेवढ्यात महामार्गावरच्या अपघाताचा पेशंट आला आणि ती वर ऑपरेशनला गेली. खोलीत तिघं राहिले.

अर्धं प्लास्टर म्हणजे हाताच्या एकाच बाजूला पन्हाळीसारखा घट्ट पाटा, आणि दुसरीकडून नुसती मऊ पट्टी. हाड नुकतंच मोडलं की हात दोन-तीन दिवस सुजत जातो. त्या सुजेला एक बाजू मोकळी हवी. बंकट हे दिवसातून दहा वेळा सांगत असे, कारण दहातल्या आठ जणांना अर्धं म्हणजे कमी वाटतं.

त्यानं कापूस गुंडाळला आणि पाट्यासाठी पट्टीच्या घड्या घालू लागला. मोहनराव ते बघत होता.

"एवढंच?"

"अर्धं लिहिलंय."

"भाईर बाकड्यावर बसलाय त्याला पुरं घातलंय. मला अर्धं कावून?"

बाहेरच्या माणसाचा हात मोडून पंधरा दिवस झाले होते, त्याची सूज केव्हाच उतरली होती. बंकट हे सांगू शकत होता. त्यानं खिडकीतल्या दगडाकडे पाहिलं आणि पुढची घडी घातली.

मोहनराव तुळजाबाईकडे वळला. "बघ. हितं बी हात आखडला ह्यानं. लोकाला पुरं, भावकीला अर्धं."

"पुरं पायजे?" बंकटनं विचारलं.

"पुरं. लोकाला घालतोस तसंच."

"घ्या मग."

तुळजाबाईला त्यानं नवऱ्याची बोटं धरायला लावली. पट्टी बादलीत सोडली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबला, पिळली, आणि कोपराखालपासून तळहातापर्यंत गोल गोल बांधत गेला. हे नीट लिहिलं पाहिजे: त्यानं ती आवळली नाही. एकही वेढा त्यानं ओढून दिला नाही. काम त्यानं नेहमीसारखं सुबक केलं, ओल्या तळव्यानं घोटून गुळगुळीत केलं. फक्त जे करायचं नव्हतं ते केलं. पट्टी तापू लागली तसा मोहनराव चमकला आणि पोळतंय म्हणाला.

"पोळत न्हाई," बंकट म्हणाला. "दगड व्हायलंय."

मग त्यानं नेहमीच्या सूचना दिल्या. हात छातीच्या वर ठेवा, झोळीत ठेवा, झोपताना उशीवर ठेवा, बोटं हलवत राहा, बोटं गार पडली किंवा निळी झाली तर घड्याळ न बघता या. रोज तो या सूचना पेशंटकडून वदवून घेई. त्या दिवशी एकदाच म्हटल्या, त्याही भिंतीकडे बघून. मोहनराव डाव्या हातानं कुणाला तरी फोन लावत होता. डॉक्टरच्या कागदावर तिच्या ओळीखाली बंकटनं लिहिलं, 'केले', आणि सही केली. काय केले ते लिहिलं नाही.

संध्याकाळी तो सहा वाजता घरी गेला आणि सुनिताला म्हणाला की मोहनराव आलता, पांढऱ्या भुकटीत लोळून आलता. दोन भाकरी खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी तो जेवताना बोलला, हे सुनिताच्या लक्षात आलं.

गुरुवारी सकाळी पहिलाच पेशंट सारजाबाई नावाची एक म्हातारी होती, विहिरीच्या पायरीवरून घसरलेली. बंकटनं पाटा घेतला तशी ती कुरकुरली की अर्धंच कावून बाबा, गरिबाला काय बी चालतं का? बंकट तिच्यावर खेकसला, आणि खेकसत खेकसत सगळं सांगितलं. प्लास्टर म्हणजे दगड. तुझा हात आज सुजंल, उद्या अजून सुजंल. दगड सुजत न्हाई. सगळ्या बाजूनं दगड घातला तर आतल्या आत रगत अडंल, बोटं मरतील, मग कापायला यावं लागंल. म्हणून एक बाजू उघडी. कळलं का?

म्हातारी म्हणाली, कळलं. पाटा बांधून झाला. बंकटनं हात धुतले आणि तो टॉवेल हातात धरून उभाच राहिला.

अकरा वाजता त्यानं कागदावरचा नंबर काढून दवाखान्याच्या फोनवरून फोन केला. मोहनरावनंच उचलला. हात कसा आहे असं बंकटनं विचारलं.

"तुला ऐकायचाय तसा न्हाई," मोहनराव म्हणाला आणि फोन ठेवला.

बंकटला त्याचा आवाज लहानपणापासून माहीत होता. हात बरा असता तर मोहनराव इतक्यात थांबला नसता, त्यानं तीन पिढ्या उद्धरल्या असत्या. डॉक्टर वर ऑपरेशनमध्ये होती. बंकटनं प्लास्टर कापायची मोठी कात्री, फाकवायचा चिमटा, कापूस आणि पट्ट्या पिशवीत भरल्या, नाव नोंदायच्या खिडकीवरच्या बाईला बाहेर जातो एवढं सांगितलं आणि स्टँडवर जाऊन बाराची गाडी धरली.

चौसाळ्याला उतरल्यावर त्याला विचारावं लागलं नाही. नवा बंगला रस्त्यावरूनच दिसत होता. अंगणात खुर्च्या टाकून सात-आठ माणसं बसली होती, पडल्याचं कळून भेटायला आलेली. मधल्या खुर्चीत मोहनराव. गळ्यात झोळी नव्हती. गळ्यात हात बांधून माणसांत बसणं त्याला जमणारं नव्हतं. प्लास्टरचा हात खुर्चीच्या बाजूनं खाली लोंबत होता आणि त्यावर उपरणं टाकलेलं होतं. दारातून तुळजाबाईनं बंकटला पाहिलं. ती पुढं आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की रातभर डोळा न्हाई भावजी, उशीचा अभ्रा चावून फाडलाय, पण दवाखान्यात चला म्हणलं की अंगावर येतात.

बंकट खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. बसलेल्यांतल्या दोघांना चराची गोष्ट ठाऊक होती.

"हात दाखवा," बंकट म्हणाला.

"दवाखाना बीडला हाय. हे माझं घर हाय. कुणी बोलिवलं तुला?"

बंकटनं वाकून उपरणं ओढून काढलं. बोटं सुजून तुकतुकीत झाली होती, टोकांना निळसर. त्यानं हात उचलून वर धरला आणि मधल्या बोटाचं नख अंगठ्यानं दाबून सोडलं. चांगल्या हाताचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. बंकटनं मनात दहा मोजले. नख पांढरंच राहिलं.

"बोटं हलवा."

मोहनरावनं हलवायचा प्रयत्न केला. बोटं हलली नाहीत. बंकटनं दुसऱ्या हातानं ती जरा सरळ केली, तेवढ्यानं मोहनरावच्या कपाळावर घाम फुटला, पण तोंडातून आवाज आला नाही. त्यानं दात आवळून धरले होते.

"कवापासून दुखतंय?"

मोहनरावनं आजूबाजूला पाहिलं. मग खाली मान घालून, फक्त बंकटला ऐकू जाईल असं बोलला. "काल दिवस मावळल्यापासून. तू मुद्दाम आवळलंस, मला ठाऊक हाय. मी बोंबलत यावं म्हणून. म्हणून गप बसलो. मेलो तरी तुला आवाज ऐकू देणार न्हवतो."

बंकटनं खुर्चीशी खाली बसून पिशवी उघडली. कात्री बाहेर काढून मांडीवर ठेवली.

"आवळलं न्हाई," तो म्हणाला, आणि तो हळू बोलला नाही. "डाक्टरनं अर्धं लिहिलतं. म्या पुरं बांधलं. अर्धं कावून असतंय ते मला सांगता येत होतं. म्या सांगितलं न्हाई."

खुर्चीवरचा एक माणूस उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मोहनराव बंकटकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; एखादी गोष्ट आपल्याला आधीच माहीत होती असं सिद्ध झाल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता.

"काप," तो म्हणाला.

प्लास्टर वरून वाळलं तरी आतून पुरतं वाळायला दोन दिवस घेतं. ते बंकटच्या पथ्यावर पडलं. तुळजाबाईकडून त्यानं कोमट पाणी मागून घेतलं, जिथं कापायचं ती रेघ भिजवली आणि कात्री बोटांकडून आत सरकवली. भिजलेला दगड पुठ्ठ्यासारखा कापला जात होता. वरच्या बाजूनं कोपरापर्यंत, मग खालच्या बाजूनं. नवशिके इथं थांबतात. आतला कापूस तसाच राहतो, आणि दबून घट्ट बसलेला कापूस प्लास्टरइतकाच आवळून धरतो. बंकटनं कापूसही कातडी दिसेपर्यंत कापला, चिमट्यानं दोन्ही फाका उघडल्या आणि वरची फाक काढून टाकली. हातावर पट्टीचे वळ उमटले होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग अडलेलं रक्त बोटांत उतरलं आणि मोहनराव ओरडला. इतका ओरडला की रस्त्यावरची माणसं फाटकाशी आली.

एकवीस वर्षं बंकटला हा आवाज ऐकायचा होता. आता तो आला तेव्हा तो नखाचा रंग बघत होता. पांढरं, पांढरं, मग मुळाशी जरासं लालसर.

खालची फाक त्यानं पाट्यासारखी हाताखाली राहू दिली, वर मऊ पट्टी गुंडाळली, हात उपरण्यानं गळ्यात बांधला. आता मोहनरावनं ते बांधू दिलं. ओरडणं थांबल्यावर त्याला धाप लागली होती. धापेतच तो म्हणाला, "चर म्या बुजवलता. हे तू केलंस. मग फिटलं."

"न्हाई फिटलं," बंकट म्हणाला. "तुझा हात उठंल. माझी जमीन उठली न्हाई."

त्याच्या तोंडून एकवीस वर्षांनी 'तुझा' आलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

बीडला जायला मोहनरावचीच गाडी काढली. रस्ता रानाच्या कडेनं जातो. बंकट खिडकीशी बसला होता. त्याची चार एकर तशीच होती, बाभळी आणि पांढरे डाग. चराच्या तोंडाशी आता बांध होता. पण बांधाच्या खालच्या अंगाला, मोहनरावच्या उसाच्या कडेला, वीस-पंचवीस फुटांचा पट्टा उघडा पडला होता आणि त्यावरही तोच पांढरा थर फुटला होता. वरच्या रानात अडवलेलं पाणी जमिनीखालून कधीतरी खाली येणारच. बंकटला बरं वाटलं. शेजारी माणूस विव्हळत असतानाही बरं वाटलं, आणि ते त्यानं स्वतःपासून लपवलं नाही.

डॉक्टर तेजश्रीनं हात तपासला. हात वाचला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र बधिर होतं, ते सुटेल का हे कळायला वेळ लागेल म्हणाली. मग तिनं कालचा कागद मागवला, वाचला आणि बंकटला खोलीबाहेर बोलावलं. त्यानं विचारायची वाट पाहिली नाही, सगळं सांगितलं. मोहनरावनं पुरं मागितलं हेही सांगितलं, आणि मागितलं म्हणून दिलं असं नव्हे, हेही. ती ओरडली नाही. कागद त्याच्या हातात देत ती म्हणाली, "मामा, तुम्ही सही कशाच्या खाली केलीय ते एकदा वाचा." मग खोलीची किल्ली मागून घेतली. प्लास्टरचं काम सुग्रीव नावाच्या नव्या माणसाकडे गेलं आणि बंकटकडे पुन्हा पोचा आला.

मोहनरावनं दवाखान्याविरुद्ध अर्ज करावा असं त्याच्या माणसांनी त्याला फार सांगितलं. त्यानं केला नाही. अर्जात लिहावं लागलं असतं की अर्धं लिहिलेलं असताना आपण चुलत भावाकडून पुरं मागून घेतलं, आणि रात्रभर उशी चावत गप्प बसलो. गावात मात्र त्यानं आपल्या पद्धतीनं सांगितलं. बंकट्यानं सूड घेतला असं सांगितलं. चौसाळ्याची माणसं त्यानंतर त्या दवाखान्यात यायची कमी झाली.

सव्वीस मार्चला बरोबर सहा आठवडे झाले. त्या बुधवारी सुग्रीव रजेवर होता आणि डॉक्टरनं किल्ली बंकटच्या हातात दिली, दिवसापुरती. मोहनराव आला. स्टुलावर बसला. हात पुढं केला. सुग्रीवनं मागाहून घातलेलं प्लास्टर बंकटनं काढलं. आतला हात पांढरट, बारीक, कातडीचे पापुद्रे निघालेला. तीन बोटं मिटली. करंगळी आणि शेजारचं बोट अर्ध्यात थांबलं.

"हे असंच ऱ्हाणार?"

"चेंडू दाबत ऱ्हा. चार महिन्यांनी सुटंल थोडं. पुरं न्हाई सुटणार."

मोहनरावनं अडलेली बोटं डाव्या हातानं मिटून बघितली. जायला उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. दाराकडे तोंड करूनच त्यानं विचारलं की बांधालगत रानात पांढरं फुटलंय, ते रान जिप्समनं उठतं का.

बंकट खिडकीशी होता. त्यानं दगडावर नख टेकवलं. नुसतं 'उठतं' म्हटलं तरी पुरलं असतं. ते अर्धं खरंही होतं. मोहनरावनं पोती आणली असती, पसरली असती, पाणी दिलं असतं, आणि सुटलेला क्षार ऊसभर पसरला असता. बंकटनं काही केलं नसतं, फक्त सांगायचं ते सांगितलं नसतं.

"नुसत्या जिप्समनं न्हाई," तो म्हणाला. "आणताना लिंबू पिळून बघ, फेस आला तर त्यात चुनखडीची भेसळ हाय, घेऊ नको. आणि त्याच्या आधी चर. माझ्या बांधापासून वढ्यापतोर. होता तिथूनच."

"तो उकरला तर तुझ्या रानाचं बी पाणी निघंल."

"निघंल."

मोहनरावनं उजव्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न केला. दोन बोटं बाहेरच राहिली.

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि गेला.

बंकटनं कापलेलं प्लास्टर उचलून टोपलीत टाकलं, बादलीतलं पाणी बदललं आणि बाहेर नाव पुकारलं. आत एक तरुण बाई आली, मनगट दुसऱ्या हातानं धरून. त्यानं तिच्याकडून कागद घेतला आणि बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचला. अर्धं लिहिलंय, तो म्हणाला. आता अर्धं कावून ते आधी ऐका, मग हात पुढं करा.